काकाची टाकी

इंजिनिअर असणं म्हणजे घरच्यांच्या लेखी सगळ्याच गोष्टींचा इंजिनिअर असणं. मी पुण्यात बसून पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो. पण प्रिंटर, गिझर, इन्व्हर्टर, जे बिघडेल ते माझ्याकडे येतं. यंदा स्विमिंग पूल आला.

हो, आमच्या रत्नागिरीकडच्या घरामागे स्विमिंग पूल आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, बडी असामी दिसते. तसं काही नाही. काका एकोणीस वर्षं मस्कतला होता. १९९६ साली कायमचा परत आला आणि साठवलेल्या पैशांतून जांभ्याच्या घरामागे २८ बाय १४ फुटांचा, सरासरी साडेचार फूट खोल पूल बांधला. निळ्या टाइल्स लावून. वाडीतले लोक पहिल्या दिवसापासून त्याला ‘टाकी’च म्हणतात. मे महिन्यात वाडीतली सगळी पोरं तिथे पोहायला शिकली, मीसुद्धा. आता काका जाऊन सहा वर्षं झाली. निम्म्या टाइल्स सुटल्यात, भिंतींना शेवाळ आहे, आणि पाण्यात बेडूक.

कॅनडातला दादा म्हणाला, बुजवून टाक, गाडी लावायला जागा होईल. काकू म्हणाली, मे महिन्यात पोरं यायला हवीत. हे ती एकदाच म्हणाली आणि पुन्हा विषय काढला नाही, त्यामुळे दादालाही पुढे काही बोलता येईना. दोघांनी मिळून अडीच लाख काढायचे ठरले आणि ‘तू बघ काय ते’ म्हणून सगळं माझ्यावर आलं.

एका कंत्राटदाराने सव्वापाच लाखांचं कोटेशन दिलं. नव्या टाइल्स, पाण्यातले दिवे, कडेला ग्रॅनाइट. गळतीबद्दल एकच ओळ: ‘वॉटरप्रूफिंग, आवश्यकतेनुसार.’ आमच्या धंद्यातही असे लोक असतात. डेटाबेस गळत असतो आणि हे बटणाचा रंग बदलून देतात.

दिवाळीत गेलो तेव्हा टाकीत पावसाचं कंबरेएवढं पाणी होतं. बादलीत पाणी भरून ती पायरीवर, पाण्यात अर्धी बुडेल अशी ठेवली. आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खूण केली. चोवीस तासांनी बादलीतलं पाणी जेमतेम रेघभर उतरलं होतं, टाकीतलं इंचभर. बादलीतलं उतरतं ते उन्हावाऱ्याने. त्याहून जास्त उतरतं ती गळती. या मापाच्या टाकीत एक इंच म्हणजे साधारण नऊशे लिटर. मी पुण्याला परतलो आणि काकू रोज सकाळी पातळीचा फोटो पाठवत राहिली. तीन आठवड्यांनी पाणी उतरायचं थांबलं. थांबलं तिथेच, जुन्या पाइपच्या तोंडाभोवती, भेग होती.

आता काम कधी काढायचं? एक मिस्त्री म्हणाला, पावसाळ्यात करू, मजूर मोकळे असतात. पण जुलैत आमच्या विहिरीचं पाणी जमिनीपासून हातभर खाली येतं. म्हणजे टाकी रिकामी केली, की तळाच्या वर तीन फूट भूजल बाहेरून रेटणार. हिशेब केला: वर उचलणारा जोर तेहेतीस टन, टाकीच्या काँक्रीटचं वजन सव्वीस टनांच्या आसपास. मातीची पकड असते, पण त्या भरवशावर कोण राहील? रिकामी टाकी होडीसारखी वर येऊ शकते, निदान तडकते तरी. त्यामुळे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये.

खरा पेच पुढे होता. टाकी भरायला पन्नास हजार लिटर लागतात, दहा हजारी पाच टँकर. काकाच्या वेळी विहीर पुरायची, आता मेमध्ये ती तळ गाठते. आणि त्याच महिन्यात वरच्या वाडीत बायका टँकरची वाट बघत ड्रम मांडून बसतात. त्यांच्या समोरून पाच टँकर आमच्या मागच्या अंगणात नेणं मला जमणार नव्हतं. इथे दादाचं ‘बुजवून टाक’ पहिल्यांदा पटायला लागलं.

मग पावसाचा आकडा घेतला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे तीन मीटर! टाकी दीड मीटरसुद्धा खोल नाही. नुसती उघडी ठेवली तरी दोनदा भरेल, पन्हळीचं पाणीही नको. भरण्याचा प्रश्नच नव्हता, प्रश्न ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाणी टिकवण्याचा होता. दिवसाला पाच मिलिमीटर वाफ धरली तरी सव्वादोनशे दिवसांत मीटरभर पाणी उडून जातं. म्हणून झाकण हवं. या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची वस्तू ताडपत्री निघाली, याचं मला अजून हसू येतं.

शेवटी ठरलं ते असं: भेग आणि वॉटरप्रूफिंग पंचाण्णव हजार, पंप आणि वाळूचा फिल्टर सत्तर, पाइपच्या सांगाड्यावर जाड ताडपत्री पस्तीस, जाळीचं कुंपण वीस. कुंपणावर घासाघीस नाही. ताडपत्रीखाली पाणी आहे हे लहान पोराला आणि वासराला कळत नाही. उरलेले तीस हजार हातात ठेवलेत. यंदाच्या मेमध्ये टाकी कोरडीच राहील. पोरं पुढच्या मेमध्ये. हे काकूला सांगताना जीव खालीवर झाला, पण ती म्हणाली, “सहा वर्षं थांबले, आणखी एक.” पाण्याची अगदीच अडचण आली तर धुण्याभांड्यांना न्या, असं तिने वरच्या वाडीत सांगूनही टाकलंय.

टाइल्स बजेटमध्ये नाहीत. आतून साधा लेप. पण वरच्या कडेला एक ओळ तरी निळी हवी, असं काकूचं म्हणणं. सहा इंची टाइलने चौफेर एक ओळ म्हणजे १६८. तिने ढिगातून धड असलेल्या निवडून, घासून, मोजून ठेवल्या: १४०. उरलेल्या अठ्ठावीस म्हणजे बरोबर चौदा फुटांची एक बाजू. ती पायऱ्यांची धरायची, तिथे तशाही पोरं ओले पाय आपटतात, असं तिनेच ठरवून टाकलं.