चित्राचा समास

सरकारी कचेरीत नव्याने लागलेल्या कारकुनाला पहिला धडा मिळतो तो समास सोडण्याचा. टिपणीच्या कागदाची एक बाजू कोरी ठेवलेली पाहून त्याला वाटते, केवढा हा अपव्यय! पुढे फायलीत दोरा ओवला जातो, वरिष्ठांचे शेरे पडतात, कडा झिजतात. आणि मग उमगते की, त्या कोऱ्या पट्टीमुळेच मधला मजकूर शाबूत राहिला आहे.

जुने चित्रपट घरी पाहताना मला हा समास हटकून आठवतो. प्रभातचा 1936 सालचा ‘संत तुकाराम’ त्या काळच्या बोलपटांप्रमाणे चौकोनाकडे झुकणारा; उंची 1 धरली, तर रुंदी सुमारे 1.37. जुन्या दूरदर्शन संचाची काच 4 : 3 प्रमाणाची, त्यामुळे असे चित्र तिच्यात बिनतक्रार मावे. आजचा संच 16 : 9 प्रमाणाचा. त्यावर चित्र आहे तसे दाखवले, तर दोन्ही बाजू मिळून जवळजवळ पाव पडदा काळा राहतो. हा काळेपणा लोकांना खुपतो. मग कोणी चित्र आडवे ताणतात आणि विष्णुपंत पागनिसांचा विरक्त तुकोबा एकाएकी बाळसे धरतो. कोणी ते फुगवून वरखाली छाटतात. दामले-फत्तेलालांनी अखेरीस गरुडविमान उतरवून तुकोबांना वैकुंठास नेले, ते वर. आणि छाटलेल्या पडद्यावर नेमके ‘वर’ तेवढेच उरलेले नसते.

रुंद चित्रपटांची दैना याच्या उलट. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ (1959) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, छायालेखक व्ही. के. मूर्ती. असे 2.35 रुंदीचे चित्र जुन्या चौकोनी संचावर पडदा भरून दाखवले, की त्याचा चार-दशांशाहून अधिक भाग गळून जातो. रिकाम्या स्टुडिओत उभा असलेला माणूस राहतो. त्याच्या भोवतालचे एकाकीपण मात्र कापले जाते. व्हीसीडीची तऱ्हा आणखी निराळी. एका तबकडीत जेमतेम सव्वा तास मावे. म्हणून ‘तुकाराम’ कोठे थांबायचा, हे दिग्दर्शकाऐवजी तबकडीच ठरवी.

निशातगंजच्या आमच्या घरात या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. आईची दृष्टी अधू झाली आहे; तिला चित्र मोठे हवे. “पैसे मोजून एवढा संच आणला, तो काय काळोख पाहायला?” हा तिचा सवाल बिनतोड वाटतो. शिवाय तिच्यापाशी अनुभवाचा पुरावाही आहे. लहानपणी साताऱ्याला गणेशोत्सवात गल्लीत पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवीत. पुढे जागा मिळाली नाही, की पोरे पडद्यामागे बसत. “आम्ही तुकाराम उलटा पाहिला रे. पाट्या वाचता येत नव्हत्या. तरी रडू यायचे ते आलेच.”

मी यावर पुष्कळ विचार केला. उलटा पाहिला हे खरे, पण तिने तो सगळा पाहिला. जिजाईची आदळआपट, इंद्रायणीचा काठ, वरचे आभाळ, यांतले काहीही कोणी परस्पर कमी केले नव्हते. माझी मुलगी लखनौतच जन्मली. तिने देहू पाहिलेले नाही. तूर्त तिचे देहू या चित्रातच आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्याने छाटलेला चित्रपट पाहिला, तर उरलेला महाराष्ट्र त्याला दाराबाहेर भेटतो. आमच्या दाराबाहेर गोमतीपारचे शहर आहे, आपलेसे आणि प्रेमळ. पण जे पडद्यावरून गळले, ते तेथे सापडायचे नाही.

म्हणून आता आमच्या घरी पट्ट्या काळ्याच राहतात. आईची खुर्ची तेवढी हातभर पुढे सरकवली आहे.