भोक मुठीएवढं, कपात पाच हजारांची!

भाड्याच्या घरातल्या भिंतीला भोक पडलं तर ते बुजवायला खर्च किती येतो? हा प्रश्न फालतू वाटेल. पण डिपॉझिट परत घ्यायची वेळ आली की कळतं.

मागच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हॉलचं पार्टिशन जिप्सम बोर्डाचं होतं. दाराला स्टॉपर नव्हता. पावसाळी वाऱ्यात दार आपटलं आणि हँडलनं बोर्डाला मुठीएवढं भोक पाडलं. मालक म्हणाले, "सगळं पार्टिशन बदलावं लागेल, पाच हजार कापतो."

ओळखीच्या पीओपी कारागिराला विचारलं. तो हसला. "साहेब, अर्ध्या दिवसाचं काम. फक्त सुकायला वेळ द्या."

त्यानं सांगितलं तसं केलं. आधी मेन स्विच बंद, कारण आत वायर असू शकते. भोक चौकोनी कापलं. आतून दोन लाकडी पट्ट्या स्क्रूनं बसवल्या, त्यावर तेवढ्याच जाडीचा बोर्डाचा तुकडा. सांध्यांवर जाळीची टेप आणि जॉइंटिंग कंपाउंडचे तीन पातळ हात. प्रत्येक हात पूर्ण सुकू दिला. मग पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. सामान चारशेच्या आत आलं. खिळ्याचं भोक असेल तर नुसती पुट्टी पुरते. मात्र भिंत ओली असेल तर आधी गळती शोधा. भिजलेला जिप्सम भुसभुशीत होतो, त्यावर पुट्टी टिकत नाही.

मालकांनी भिंत पाहिली, डिपॉझिट पूर्ण दिलं. पण मी पडलो पत्रकार, चार माणसं ओळखीची. बदलीवर आलेली नर्स, एमपीएससीची तयारी करणारी पोरं, यांनी कुणाशी भांडायचं? ते मुकाट्यानं पैसे सोडतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 बघा. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. आपल्याकडे किती जणांना हे माहीत आहे?

म्हणून घरात शिराल त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा आणि मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. किरकोळ दुरुस्ती कुणी करायची, हे करारात लिहून घ्या. आणि डिपॉझिट कापलं तर बिल मागा. मागायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत.