एक पाणी, तीन वाटेकरी

कसारा लोकलने आसनगाव सोडले की डब्यातली गर्दी ओसरते आणि खिडकीतून डोंगर दिसू लागतात. आटगाव मागे पडते, आणि थोड्याच वेळात शहापूर तालुक्यातले खर्डी येते. एका बाजूला भातसा धरणाचे फुगवट्याचे पाणी, दुसऱ्या बाजूला तानसा अभयारण्याचे जंगल. हिवाळ्यातल्या एका रविवारी फजरची नमाज आटोपून मामू, मी आणि माझा आठ वर्षांचा लेक असे तिघे इथे उतरलो. मामूंच्या हातात गळाची काठी होती आणि डब्यात कणकेचे गोळे. मासेमारीची परवानगी त्यांनी आधीच विचारून घेतली होती.

काठावर आम्ही एकटे नव्हतो. थोड्या अंतरावर मुंबईचा एक तरुण भारी रीळ लावून बसला होता. पलीकडे गावातला एक माणूस थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळे ओढत होता. जोहरपर्यंत आमच्या पदरात दोन लहान चिलापी पडल्या. तरुणाच्या गळाला मात्र चांगला मोठा कटला लागला. त्याने तो मोजला, फोटो काढला आणि हळूच पाण्यात सोडून दिला. लेकाने विचारले, ‘‘मामू, खायचा नव्हता तर पकडला कशाला?’’

मामू हसले, पण उत्तर सोपे नव्हते. तराफ्यावरचा माणूस किनाऱ्याला लागला तेव्हा त्याच्याशी बोलणे झाले. तो म्हणाला, ‘‘तुम्ही रविवारी येता साहेब, आमची चूल रोज पेटायला हवी.’’

धरणातला कटला, रोहू, मृगळ आपोआप वाढत नाही. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात वाहत्या पाण्याची चाहूल लागली की ते वर चढतात. म्हणून बीज बाहेर तयार करून सोडावे लागते. इंजेक्शन देऊन माशांचे प्रजनन घडवण्याची रीत भारतात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये यशस्वी केली, आणि त्यानंतर गावोगावच्या तलावांत बीज पोहोचू लागले. आधी जिरे, मग बीज, मग बोटाएवढी बोटुकली. मोठ्या धरणात बोटुकलीच सोडावी लागते, कारण त्याहून लहान पिल्ले मरळीसारखे मासे गिळून टाकतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघांना एकत्र सोडले तर एका पाण्यात तिघांचे पोट भरते.

माशांना जे जमते ते माणसांनाही जमायला हवे. थंड देशांत ट्राउट माशांच्या तलावांत अशी वाटणी करतात. एका तलावात मध्यम आकाराचे पुष्कळ मासे सोडायचे, म्हणजे मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबाला घरी काहीतरी नेता येते. दुसऱ्यात थोडेच पण मोठे मासे ठेवायचे, आणि तिथे पकडलेला मासा परत सोडण्याची अट घालायची. काश्मीरमध्ये ट्राउट १९०० च्या सुमारास परदेशातून आणला गेला. तिथे आजही नदीचे पट्टे पाडून परवान्यावर आणि ठरावीक संख्येच्या मर्यादेत गळ टाकू देतात. ट्राउटला खर्डीचा उन्हाळा सोसणार नाही, पण ही पद्धत आपल्याला घेता येईल. लोणावळ्याला वळवण तलावाशेजारी टाटा कंपनी अनेक वर्षे महसीरचे बीज तयार करते. मुंबईच्या पवई तलावावरही हौशी गळकऱ्यांची संघटना आहे.

खर्डीसारख्या ठिकाणी मात्र हौसेपेक्षा हक्काचा प्रश्न आधी येतो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतला जवळपास निम्मा साठा एकट्या भातसात असतो. तरी उन्हाळ्यात याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. धरणाखाली जमिनी गेल्या त्या इथल्याच लोकांच्या. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांना या पाण्यातून निदान मासा तरी मिळायला हवा.

म्हणून वाटणी करायची तर पहिला वाटा स्थानिक मच्छीमार संस्थेचा. मोठे पाणी जाळ्यासाठी त्यांचे. रस्त्याजवळचा एक कोपरा कुटुंबांसाठी, तिथे थोडे शुल्क आणि माणशी मोजके मासे. एखादी शांत खाडी हौशी लोकांसाठी, तिथे काटा नसलेला गळ आणि जास्त शुल्क. हे पैसे संस्थेकडे जावेत आणि त्यातून पुढची बोटुकली यावी. पावसाळ्यात वलगणीचे मासे अंडी घेऊन वर चढतात, तेव्हा सर्वांनीच हात आवरावा. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै बंदी पाळतात ती याच कारणासाठी.

परतताना लेकाचा प्रश्न मामूंनी पुन्हा काढला. ‘‘बेटा, पाण्यातली शिकार आपल्याला हलाल आहे, सूरह माइदामध्ये तसे आले आहे. पण जिवंत प्राण्याला निशाणा बनवायला आपल्या नबींनी (स.) मनाई केली आहे. पोटासाठी पकडणे वेगळे आणि निव्वळ गंमत म्हणून जिवाला टोचणे वेगळे. तो मुलगा मासा जपून सोडत होता, त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण आपण लागेल तेवढेच धरू.’’

असरची वेळ झाली होती. वजूसाठी पाणी घेताना लेकाने बाटली अर्धीच उलटी केली. तराफेवाल्याकडून आम्ही एक रोहू विकत घेतला. घरी अम्मीने कोकम आणि हिरवे वाटण घालून कालवण केले, आणि त्यात आमच्या दोन चिलापीही टाकल्या. लेकाने सगळ्यांना सांगितले की लहान मासे त्याने पकडले आणि मोठा गावातल्या चाचांचा आहे.