पहिल्या दोन दिवसांचे औषध

१९१८ साली मुंबई बंदरातून शिरलेल्या आणि पाहता पाहता सबंध हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेणाऱ्या इन्फ्लुएन्झासमोर त्या काळच्या वैद्यकाजवळ शुश्रूषा, विश्रांती आणि ताप उतरविण्याची औषधे यांखेरीज काही नव्हते, हे ज्याने वाचले आहे त्याला, आज चिठ्ठी दाखवताच दुकानात मिळणाऱ्या ऑसेल्टामिविरच्या दहा कॅप्सूलांचे मोल निराळे सांगावे लागत नाही. श्वसनरोगांच्या चिकित्सेत ज्याची हयात गेली अशा मला मात्र त्या मोलाला जोडलेली अट वारंवार सांगावीशी वाटते: लक्षणे दिसू लागल्यापासून अठ्ठेचाळीस तासांची जी मुदत आहे, तिच्या आत हे औषध पोटात गेले पाहिजे.

या मुदतीचे कारण औषधाच्या कार्यपद्धतीतच आहे. विषाणू आपल्या पेशीत शिरतो तो तिच्या पृष्ठभागावरील सियालिक आम्लाला धरून. आत त्याच्या असंख्य प्रतिकृती निर्माण होतात. आणि बाहेर पडताना त्या त्याच आम्लाला चिकटून अडकू नयेत म्हणून विषाणूजवळ न्यूरामिनिडेज नावाचे विकर असते, जे कात्रीप्रमाणे ते बंधन छाटून टाकते. पीटर कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात १९८३ साली या विकराची त्रिमिती रचना उलगडली, आणि त्याच्या खाचेत नेमके बसेल असे द्रव्य घडविण्याचा मार्ग खुला झाला. १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता पावलेले ऑसेल्टामिविर त्याच मार्गाने आले. ते विषाणूला मारीत नाही. नव्याने जन्मलेल्या विषाणूंना जन्मस्थानीच जखडून ठेवते. अर्थात प्रसार होऊन गेल्यावर जखडण्याजोगे फारसे उरत नाही. (ते ज्या शिकिमिक आम्लापासून प्रथम तयार केले गेले ते चक्रीफुलातून मिळते खरे, परंतु चक्रीफुलाचा काढा म्हणजे ऑसेल्टामिविर नव्हे, मधे रसायनशास्त्राच्या अनेक पायऱ्या आहेत, आणि काढ्यावर विसंबून अमूल्य दिवस दवडणारे रुग्ण मी पाहिले आहेत.)

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला, आणि नायडू रुग्णालयापुढे तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांच्या रांगा लागल्या. औषधाची विक्री आरंभी सरकारी यंत्रणेपुरतीच मर्यादित होती, पुढे ती ‘शेड्यूल एक्स’च्या कडक परवान्याखाली आली, आणि २०१७ साली ‘एच-वन’ या तुलनेने सौम्य यादीत. रुग्णांची अ, ब, क अशी जी वर्गवारी सरकारने तेव्हा ठरविली ती मला आजही शहाणपणाची वाटते: साध्या सर्दी-तापाच्या तरुणाला घरी विश्रांती; गर्भवती, वृद्ध, लहान मूल, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्याला तपासणीची वाट न पाहता औषध; आणि धाप लागलेल्याला तत्काळ रुग्णालय. परंतु भीतीपोटी उलटा व्यवहार होई. धडधाकट माणसे गोळीसाठी हट्ट धरीत, आणि सात महिन्यांच्या गर्भवतीला अहवाल येईपर्यंत थांबवून ठेवण्यात येई.

धडधाकट माणसाला लाभ किती, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. २०१४ च्या कॉक्रेन समीक्षेप्रमाणे प्रौढांतील लक्षणे सरासरी सुमारे सतरा तासांनी लवकर शमतात, आणि मळमळ व उलटी हा त्याचा मोबदला असतो. गंभीर रुग्णाची गोष्ट वेगळी; तेथे मुदत टळली या सबबीखाली औषध नाकारणे मला अक्षम्य वाटते.

प्रतिबंधासाठीही ते देता येते: उपचारात प्रौढाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस, तर संसर्ग झालेल्याच्या सहवासात आलेल्यास तेच दिवसातून एकदा दहा दिवस, मूत्रपिंड दुबळे असल्यास मात्रा घटवावी लागते. हा मान मी घरातल्या दुर्बळ व्यक्तीपुरता राखतो, कारण गोळी थांबली की संरक्षण संपते आणि लसीची जागा ती घेऊ शकत नाही. शिवाय विषाणूही स्वस्थ बसत नाही: २००८-०९ च्या हंगामात जुन्या मोसमी एच-वन-एन-वन विषाणूचे जगभरचे बहुतेक नमुने या औषधाला दाद देईनासे झाले होते, आणि त्या वाणाची जागा २००९ च्या नव्या विषाणूने घेतली म्हणूनच ऑसेल्टामिविर पुन्हा कामाचे ठरले. २०१८ साली जपानमध्ये मान्य झालेले बॅलोक्सॅविर एकाच मात्रेत दिले जाते आणि प्रतिकृती निर्माण होण्याच्या क्रियेतच अडथळा आणते. पण त्यालाही न जुमानणारे विषाणू त्याच्या चाचण्यांतच आढळले आहेत.