काढता येणारा टप

वाहनाच्या छपराला आमच्याकडे टप म्हणतात. एसटीच्या टपावर एकेकाळी सायकली आणि धानाची पोती चढत; लग्नाच्या जीपच्या टपावर वऱ्हाडातली तरणी पोरे चढत. शब्द इतका सवयीचा की त्यावर कधी विचार करावा लागेल असे वाटले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात मात्र या टपाने मला दोन महिने गुंतवून ठेवले. आणि त्या निमित्ताने मी पूर्वी लिहिलेल्या एका लेखाकडे परत जावे लागले, जे कोणत्याही लिहिणाऱ्याला फारसे आवडत नाही.

घरी 2013 सालची महिंद्रा थार आहे. बाबांनी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती घेतली. आम्ही राहतो भंडारा शहरात, शेत पवनी तालुक्यात, नाल्यापलीकडे. धानाच्या बांध्यांमधून जाणारी तिथली पांदण जुलैपासून चिखलात बुडालेली असते. ट्रॅक्टर जातो, मोटारसायकल फसते. चारही चाकांना जोर देणारे वाहन तिथे चैन नसून गरज आहे, असे बाबांचे म्हणणे होते. आईचे म्हणणे वेगळे होते, पण ते तिने कधी मोठ्याने मांडले नाही.

त्या काळातल्या थारला कंपनीकडून कापडी टपच येत असे. लोखंडी कमानींवर ताणलेले जाड कापड, खिडक्यांच्या जागी पारदर्शक प्लास्टिक, मागे समोरासमोरची दोन बाके. बारा पावसाळे आणि बारा उन्हाळे काढल्यावर त्या कापडाने दम सोडला यात त्याचा दोष नाही. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि महिन्याभरातच मुसळधार पाऊस सुरू होतो. कापडाने कितीदा आटायचे आणि कितीदा फुगायचे? प्लास्टिक पिवळे पडले, शिवणी उसवल्या, साखळ्या अडकू लागल्या.

2021 च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. जीप राहिली. पुढे आईच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली आणि दर महिन्याला नागपूरला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घेण्याची पाळी आली. जाताना साठ-बासष्ट किलोमीटर, येताना तेवढेच. इंजेक्शननंतर काही दिवस डोळ्यात धूळ जाता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते, आणि राष्ट्रीय महामार्गावर मालट्रकच्या मागे चालणाऱ्या आमच्या जीपमध्ये धुळीखेरीज दुसरे काही येत नव्हते. पुण्याचा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, विकून टाक, एक बंद गाडी घे. सल्ला शहाणपणाचा होता. मी तो मानला नाही, कारण शेत अजून नाल्यापलीकडेच आहे, आणि दुसरे कारण मला त्या वेळी सांगता आले नसते.

म्हणून कडक टपाचा शोध सुरू झाला. नागपुरातल्या एका गॅरेजवाल्याने माझ्यापुढे चार पर्याय ठेवले. पहिला, नवा कापडी टप, दुहेरी थराचा. स्वस्त, हलका, पण धूळ आणि आवाज यांवर अर्धाच उपाय. दुसरा, लोखंडी पत्र्याचा, जोडकाम करून कायमचा बसवलेला. मजबूत दिसतो, पण वजन सगळे वर जाते, उतारावर गाडी कलू लागते, आणि सांध्यांत पाणी मुरले की गंज धरतो. तिसरा, फायबरचा अखंड टप. काचतंतूंच्या चटया राळेत भिजवून साच्यावर थापतात, वर रंगाचा गुळगुळीत थर असतो. कडेने रबरी पट्टी देऊन तो गाडीच्या कठड्याला आणि समोरच्या काचेच्या चौकटीला बोल्टांनी आवळतात. हवा तेव्हा काढता येतो. मात्र साठ किलोंच्या आसपासचे ते धूड उचलायला तीन माणसे लागतात. चौथा, त्याच फायबरचा पण दोन तुकड्यांतला: पुढच्या दोन आसनांवरची झडप वेगळी, मागचा भाग वेगळा. झडप दोघांना सहज निघते. अमेरिकेतल्या जीप रँग्लरच्या टपाची रीतही अशीच आहे. पुढचे तुकडे हाताने निघतात, मागचा मोठा भाग स्क्रू काढून उचलावा लागतो. महिंद्राने 2020 साली नवी थार आणली तेव्हा कडक टप कंपनीकडूनच मिळू लागला, पण तोही मनात आले की काढून ठेवण्यासाठी केलेला नाही.

गॅरेजवाला प्रामाणिक होता. तो म्हणाला, "सर, फायबर ऊन-पाणी अडवते, गाडी उलटली तर जीव वाचवत नाही. ते काम आतल्या लोखंडी पिंजऱ्याचे." कडक या विशेषणावर मी ठेवलेला निम्मा विश्वास तिथेच उतरला. आतून अस्तर न लावलेले फायबर मे महिन्यात तव्यासारखे तापते, म्हणून अस्तराचा खर्च वेगळा, हेही त्यानेच सांगितले.

कायद्याचा भागही होता. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट अधिक काटेकोरपणे मांडली. त्यामुळे कापणे, जोडणे आणि पत्र्याचा कायमचा टप मी लगेच सोडून दिला. जे काही करायचे ते परिवहन कार्यालयात आधी विचारून आणि विमा कंपनीला कळवून, असे ठरवले. शिवाय 2028 मध्ये गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे पुरी होतील आणि नूतनीकरणासाठी तिला पुन्हा तपासणीला उभे राहावे लागेल. एवढ्या म्हाताऱ्या जीपवर किती खर्च करावा, हा प्रश्न मी वहीत लिहिला आणि त्यापुढची जागा कोरी ठेवली.

उरले तीन पर्याय. खरे तर अखंड फायबर की दुतुकडी, एवढेच. माझे मन अखंडाकडे झुकत होते. सांधा नाही म्हणजे गळती कमी. आणि हिवाळ्यात पूर्ण काढला की जीप पुन्हा बाबांच्या जीपसारखी उघडी. हा दुसरा मुद्दा माझ्या मनात बराच वजनदार होता. बाबा गेल्यावर मी त्यांच्यावर एक लेख लिहिला होता. त्यात ते उघड्या जीपमधून धानाच्या बांध्यांमधून, मंडईच्या गावांमधून जाताना दिसतात, उपरणे वाऱ्यावर, डोक्यावर आभाळ. "बाबांना छप्पर कधी मानवलेच नाही," असे एक वाक्य त्यात होते. वाचणाऱ्यांनी नेमके तेच उचलून धरले. माझ्या एका विद्यार्थिनीने व्यक्तिचित्रावरच्या निबंधात त्याचा दाखलाही दिला.

मी आईला पर्याय समजावून सांगितले. अखंड टपाचे गुणगान झाल्यावर तिने विचारले, "काढशील तं ठेवशील कुठं?"

मी म्हणालो, मागच्या पडवीत. तिथे दिवाळीनंतर धानाची पोती येतात, हे तिने सांगितले नाही, मलाच आठवले. फायबर उन्हात ठेवले तर रंग उडतो, जमिनीवर वेडेवाकडे टेकवले तर आकार बिघडतो. आढ्याला कप्पी लावून दोरांनी टांगावे लागते, आणि आमच्या पडवीचे आढे किती भार पेलेल याची खात्री नव्हती.

मग ती म्हणाली, "आन् काढतं कोण?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. घरात आम्ही दोघे. तिला वजन उचलायला मनाई.

त्याच रात्री मी बाबांची डिझेलची वही काढली. ते शिस्तीचे होते. प्रत्येक वेळी तारीख, किलोमीटरचा आकडा, लिटर, रुपये आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. मला शोधायचे होते ते वर्षातले दिवस, म्हणजे टप काढण्याचा खर्च कितपत वाजवी ठरतो ते मोजता येईल. शेऱ्याच्या रकान्यात "टप काढला" आणि "टप लावला" अशा नोंदी होत्या. मी 2013 पासून 2021 च्या मार्चपर्यंतची पाने उलटली. नोंदी अकरा होत्या.

साडेसात वर्षांत अकरा. त्यांतल्या बहुतेक दिवाळीनंतरच्या, धान कापणी उरकत आलेली, गावोगाव मंडई भरत असलेल्या आणि रात्री झाडीपट्टीतली नाटके रंगू लागलेल्या दिवसांतल्या. एक मार्चमधली, मोहाची फुले पडण्याच्या काळातली. आणि एक 2020 च्या ऑगस्टअखेरची, वैनगंगेच्या पुराने अर्धे शहर पाण्याखाली गेले तेव्हाची. तिच्यापुढे फक्त एवढेच होते: "टप काढला. लोकांचे सामान. 4 फेऱ्या." उंच कपाट आणि शिलाई मशीन कापडाखाली मावत नव्हते, म्हणून आभाळ उघडे झाले होते.

माझ्या लेखातले "कधीच" आणि "नेहमी" या अकरा दिवसांतून आले होते. व्यक्तिचित्राचा हा जुना दोष मी वर्गात अनेकदा शिकवला आहे: एक लक्षणीय क्षण उचलायचा आणि तो माणसाच्या साऱ्या आयुष्यावर ताणून बसवायचा. तो स्वतःच्या लेखणीत दिसायला डिझेलच्या वहीची गरज पडली. उरलेले सगळे दिवस बाबा टपाखालीच होते, उकाड्यात घामेजलेले, पावसात काच पुसत. जीपचे कापडी छप्पर मुळात स्वातंत्र्यासाठी जन्मलेलेच नाही. 1941 च्या सुमारास युद्धासाठी ती गाडी घडवली गेली तेव्हा तिला हलके आणि बुटके ठेवायचे होते, म्हणून कापड आणि म्हणूनच पुढे दुमडणारी काच. स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केल्यावर ती आपल्याकडे रुळली, ती साहेबांची, मिरवणुकांची आणि पुढे जंगल पाहणाऱ्यांची म्हणून. उघड्या जीपची जी प्रतिमा माझ्या लेखात शिरली, ती बाबांपेक्षा त्या मिरवणुकांची होती. आजोबांच्या बंडीवर ताडपत्रीची कमान चढे आणि उतरे ती बायकामाणसे बसणार की लाकडे येणार यावरून. त्यात कुणाला मुक्तीचा भास झाला नव्हता. बाबांच्या नोंदी त्या बंडीच्या जातीच्या होत्या.

सकाळी मी आईला आकडा सांगितला. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "अकरा नाही, बारा. एकदा लिहायचं राहिलं त्यायचं."

बारावा कधीचा, असे विचारले तर तिने उत्तर दिले नाही, थोडी हसली. मग म्हणाली, "कापड घडी कराले दोन माणसं लागतात. एका बाजूनं मीच धरत होती."

हे वाक्य ऐकून मी काही वेळ गप्प बसलो. कापडी टप एकट्याला नीट काढता येत नाही, हे मला ठाऊक होते. मी स्वतः तो काढून पाहिलेला होता. तरीही माझ्या लेखात बाबा एकटेच होते. दुसऱ्या टोकाला धरलेले हात मी लिहिलेच नव्हते.

त्यानंतर निवड अवघड राहिली नाही. दुतुकडी टप घेतला. मागचा भाग बोल्टांनी पक्का, धूळ अडवणारा, आतून अस्तर लावलेला. पुढची झडप बारा-तेरा किलोंची. मी एकटा खिटी सोडून ती सरकवतो, आई तिच्या बाजूने नुसता हात देते, आणि झडप घोंगडीत गुंडाळून मागच्या बाकावर मावते. पडवी धानाला मोकळी राहिली. कागदपत्रांची पूर्तता होऊन काम संपायला जून उजाडला.

सांधा गळतो, ही भीती खरी ठरली. जुलैत नागपूरहून येताना मौद्याजवळ जोराचा पाऊस लागला आणि झडपेच्या मागच्या कडेतून एक धार आईच्या खांद्यावर उतरली. रबरी पट्टी पुन्हा बसवून घेतली. आता थेंब येतात, धार येत नाही. तिने पर्समधून रुमाल काढून खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, कापडातून यापेक्षा जास्त यायचं.

डिसेंबरच्या एका सकाळी आम्ही शेतावर गेलो. धान घरी आले होते, बांध्यांमध्ये खुंट उरले होते, नाला उतरला होता. इंजेक्शन होऊन तीन आठवडे झाले होते. नाल्याच्या अलीकडे तिने गाडी थांबवायला सांगितली आणि वर बोट दाखवले. मी खिट्या सोडल्या, तिने तिची कड धरली.

घरी परतल्यावर मी बाबांचीच वही पुढे चालवायची ठरवली. तारीख घातली, किलोमीटर लिहिले, आणि शेऱ्याच्या रकान्यात "टप काढला" असे लिहू लागलो. आई चष्मा लावून बाजूला उभी होती.

"अर्धा," ती म्हणाली. "अर्धा काढला, असं लिही."