लेझीम, निआ आणि गुडघे

माझी अमेरिकेतली भाची 'निआ' नावाच्या व्यायामाच्या वर्गाला जाते. फोनवर सांगत होती, "मावशी, थोडा नाच, थोडं तायक्वांदो, थोडा योग... सगळं अनवाणी आणि गाण्यावर!" मी म्हटलं, "हे तर आपलं लेझीमच की बाई!"

मग जरा वाचलं. 1983 मध्ये कॅलिफोर्नियात डेबी आणि कार्लोस रोझास यांनी हे सुरू केलं. तेव्हाच्या एरोबिक्समध्ये बूट घालून धाडधाड उड्या मारायच्या, सांध्यांचं मातेरं व्हायचं. यांनी बूट काढले आणि ताई ची, आयकिदो, जॅझ, योग असे नऊ प्रकार एकत्र आणले. नियम एकच... अंगाला बरं वाटतंय का ते बघायचं, दुखलं तर हालचाल लहान करायची.

माझं म्हणणंही काही हवेतलं नव्हतं हो! लेझीम म्हणजे मुळात सरावाचं धनुष्य, दोरीच्या जागी लोखंडी साखळी. ती ओढून दंड कमवायचे. पुढे हलगीच्या तालावर तीच कसरत नाच झाली. आमच्या कारंज्याहून साठेक किलोमीटरवर अमरावतीला 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्यांचा संघ 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी थेट बर्लिनला देशी व्यायाम दाखवून आला.

हे सगळं ऐकून भाचीनं विचारलं, "मावशी, तू शेवटचं लेझीम कधी खेळलीस?"

नववीत. पंधरा ऑगस्टला.

आमच्या वर्गातल्या बहुतेकींचं हेच. शाळा सुटली, लेझीम सुटलं. त्यानंतर अंग फक्त कामापुरतं... पाणी भरायला, पोळ्या लाटायला. आणि शाळेतही 'एक, दोन, तीन, चार' रांगेसाठीच होतं. रांग सरळ हवी. तुला कसं वाटतंय, असं कुणी विचारलं नाही. म्हणून 'हे आपल्याकडे आधीपासून आहेच' म्हणताना आता जीभ जरा अडखळते. आहे खरं, पण पन्नाशीतल्या बाईच्या वाट्याला ते कितीसं येतं?

असो. सध्या संध्याकाळी आम्ही चौघी शेजारणी गच्चीवर जमतो. मोबाइलवर हलगी लावतो. आकडे मोजत नाही. गुडघा कुरकुरला की खाली न वाकता उभ्यानंच करायचं. पलीकडच्या काकू खुर्चीत बसून नुसते हात चालवतात, आणि सगळ्यात जास्त त्याच हसतात.

कारंज्याला आलात तर या. चपला मात्र जिन्याखालीच काढा!