अनाहूत पाहुणे

दिवाळीची सुट्टी संपून चारच दिवस झाले होते. दिवेलागणीच्या सुमारास आजोबा संगणकापुढे बसले, तो निवृत्तिवेतनाच्या हिशेबाऐवजी पडद्यावर एक हसरी तरुणी तेलाची बाटली पुढे करून उभी! त्यांनी ती चौकट मिटविली. तिच्या जागी दोन उघडल्या. एकीत पादत्राणे होती. दुसरीत, 'आपल्या संगणकास विषाणूची बाधा झाली आहे, येथे दाबा', असा लाल अक्षरांतील इशारा होता.

घरात संगणकास हात लावणारी माणसे दोनच: आजोबा आणि सातवीत शिकणारी त्यांची नात. तेव्हा अपराधी कोण, हे ठरविण्यास आजोबांना वेळ लागला नाही. "तूच कसला तरी खेळ उतरवून घेतला असशील," ते म्हणाले. "नाही, आजोबा," हे तिचे उत्तर त्यांनी ऐकले न ऐकलेसे केले. त्या रात्री ती धड जेवली नाही.

वास्तविक या उपद्रवाचे कारण नेहमीच मुले नसतात. फुकट मिळणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमच्या आडून जाहिराती दाखविणारा दुसरा प्रोग्रॅम घरात शिरतो. त्याला ॲडवेअर म्हणतात. संमतीच्या चौकटीत खूण आधीच केलेली असते आणि माणूस न वाचता 'नेक्स्ट', 'नेक्स्ट' दाबीत जातो. पुढे दाखविलेल्या जाहिरातींचा मोबदला भलत्याच कोणाच्या तरी खिशात पडतो.

कधी कधी तर एवढेही निमित्त लागत नाही. २०१४ साली लेनोव्हो कंपनीने आपल्या काही लॅपटॉपांत 'सुपरफिश' नावाचा प्रोग्रॅम आधीच घालून विकला. ग्राहक पाहत असलेल्या वस्तूंसारख्या वस्तूंच्या जाहिराती तो मध्येच दाखवी. त्यासाठी तो स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करून बँकेसारख्या सुरक्षित संवादातही मध्ये उभा राही. आणि त्याची गुप्त किल्ली सर्व लॅपटॉपांत एकच होती! फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या तज्ज्ञाने ती शोधून दाखविली, तेव्हा धोका किती मोठा आहे हे उघड झाले. प्रोग्रॅम काढला तरी प्रमाणपत्र मागे राही. ते निराळे काढावे लागे. काळ्या रानातला कुंदा वरवर खुरपून जात नाही, त्यातलाच हा प्रकार.

शनिवारी सकाळची शाळा करून आल्यावर नात संगणकापुढे बसली. कंट्रोल पॅनेलमधील प्रोग्रॅमांची यादी तिने तारखेप्रमाणे लावली. तीन नावांपुढे एकच तारीख होती. दोन नावे अनोळखी. तिसरे होते आजोबांनी हौसेने उतरविलेल्या पंचांगाचे. आणि तारीख भाऊबीजेची! त्या दिवशी ती मामाच्या गावी होती. ती काहीच बोलली नाही. नुसते बोट तेथे ठेवून बसली.

आजोबांनी चष्मा पुसला. "मी तुला उगाच बोललो, बाळ," ते म्हणाले.

तिने ती अनोळखी नावे काढून टाकली. जाहिराती कमी झाल्या, तरी ब्राउझर उघडताच परकेच पान येई. तेव्हा तिने एक्स्टेंशनांची यादी पाहिली. तेथे खरेदीत मदत करण्याच्या मिषाने एक लबाड दडला होता. त्यालाही बाहेर काढून तिने मुखपृष्ठ पूर्ववत केले. लाल इशाऱ्यातील औषधाला मात्र तिने हात लावला नाही. चोरानेच विकलेले कुलूप कोण लावील? त्याऐवजी तिने 'ॲडवक्लीनर' हा प्रोग्रॅम कर्त्यांच्याच संकेतस्थळावरून आणून चालविला. संगणक सुरू होताच पाहुण्यांना पुन्हा आत घेणारी एक आज्ञा त्यात सापडली.

"ते पंचांगही काढ," आजोबा म्हणाले.

"पुन्हा घालू या की. पण या वेळी वाचून."

आजोबा एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले. तिसऱ्या पानावर ते थबकले. "अगं, येथे तर खूण कोणी आधीच करून ठेवली आहे!"

"काढा ती, आजोबा."

स्वयंपाकघरातून जेवणाची हाक आली; परंतु चौथे पान वाचायचे अजून राहिले होते.